खाडीपलीकडची शेवटची गाडी

दापोलीहून गुहागरला जायच्या दोन वाटा आहेत. एक खेड-चिपळूणवरून, शंभराहून अधिक किलोमीटरची. दुसरी दाभोळवरून, वाशिष्ठीची खाडी ओलांडून. ती पहिलीच्या निम्मीही नाही. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ पासून फेरीबोट चालते. बोटीवर मोटारी चढतात, दुचाकी चढतात, मासळीचे टेम्पो चढतात आणि हातात पिशवी घेतलेली माणसंही चढतात. जोडून सुट्ट्या आल्या की जेट्टीवर मोटारींची रांग गावापर्यंत जाते. पायी आलेल्याला मात्र त्या रांगेत थांबावं लागत नाही. तिकीट काढायचं आणि सरळ बोटीवर जायचं. एसटीनं कोकण पाहणाऱ्याची ही खरी मिळकत आहे.

ही वाट देखणीही आहे. कोकण रेल्वेनं खेडला उतरायचं, एसटीनं दापोली गाठायची, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायचा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. दुसऱ्या दिवशी दाभोळला चंडिकादेवीचं गुहेतलं मंदिर आणि सतराव्या शतकातली शाही मशीद पाहून खाडी ओलांडायची. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड आहे. (ज्याला सगळा महाराष्ट्र 'दाभोळचा वीजप्रकल्प' म्हणतो तोही याच, गुहागरच्या बाजूला आहे.) मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुजा गणपती आणि तवसाळ. तिथून दुसरी फेरीबोट शास्त्री नदीच्या मुखावरून जयगडला नेते. जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. तीन दिवसांत हे सगळं बसतं. स्वतःची मोटार लागत नाही.

नकाशावर तरी बसतं. प्रत्यक्षात एका जोड-सुट्टीत धोपाव्याच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा दिवस मावळत होता आणि गुहागरची गाडी तिच्या वेळेला निघून गेली होती. आमच्यासोबत उतरलेल्या मोटारी भराभर चढ चढून दिसेनाशा झाल्या. धक्क्यावर चार-पाच पायी प्रवासी राहिले, त्यांत एक म्हातारं जोडपं होतं. टपरीवाल्यानं गावातल्या ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावला, तो जेवण अर्धं टाकून आला आणि दोन खेपांत सगळ्यांना गुहागरला पोचवून गेला. त्यानं माफकच पैसे घेतले. पण सोय झाली ती एका टपरीवाल्याच्या भलेपणामुळे, आणि त्यावर कुणी प्रवासाचा बेत आखू नये.

मुळात कोकणातली ग्रामीण एसटी पर्यटकासाठी आखलेली नाही. ती गावच्या माणसासाठी आहे आणि तशीच असायला हवी. त्याला सकाळी तालुक्याला कचेरीत, दवाखान्यात, बाजारात जायचं असतं आणि संध्याकाळी घरी परतायचं असतं. म्हणून संध्याकाळी तालुक्याहून निघालेली वस्तीची गाडी गावात मुक्काम करते. चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याकडे निघते. पर्यटक याच्या नेमकं उलट वागतो. सकाळी नऊ-दहाला न्याहारी करून तालुक्याच्या स्टँडवर येतो आणि गावाकडची गाडी विचारतो, तेव्हा गाडीची ती वेळ नसते.

खाडीनं हा गुंता आणखी वाढतो. अलीकडची गाडी दापोली आगाराची, पलीकडची गुहागरची. मधली बोट तर एसटीची नाहीच. तिघांची वेळापत्रकं आपापल्या जागी ठीक असतात, पण ती एकमेकांसाठी जुळवलेली नसतात. म्हणून बोट किती वाजता सुटते हे विचारून भागत नाही. पलीकडच्या धक्क्यावरून शेवटची गाडी किती वाजता आहे, हे आधी कळायला हवं आणि मग तिथून मागे मोजत यायला हवं. खाडी शक्यतो दुपारच्या आत ओलांडावी. पावसाळ्यात तर नक्कीच. वादळाचा इशारा असेल किंवा खाडी खवळलेली असेल, तर बोट थांबते आणि चिपळूणमार्गे वळसा घालायला हातात दिवस उरलेला लागतो.

ही माहिती मिळते स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत. आदल्या संध्याकाळी तिथं जावं आणि 'गुहागरहून तवसाळची गाडी कितीची?' एवढंच विचारून परतू नये. 'उद्या सुट्टी आहे, उद्या ती सुटणार का?' हा प्रश्न जास्त मोलाचा. ग्रामीण भागातल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळा धरून असतात आणि शाळेला सुट्टी असली की त्यांतल्या काही सुटत नाहीत. जोडून आलेल्या सुट्ट्या म्हणजे नेमके तेच दिवस. गणपती आणि शिमग्याला जादा गाड्या धावतात हे खरं, पण त्या मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी असतात. खाडीकाठच्या आडवाटेवर त्यांचा उपयोग थोडा. गाडीची पाटी वाचताना 'मार्गे'च्या पुढचं नाव जरूर वाचावं. एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकच आपल्या फाट्यावरून जाते.

भाड्याचा बोजा मात्र हलका आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट लागतं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं भाडं. ज्येष्ठांनी आधारकार्ड जवळ ठेवावं. सुट्टे पैसेही असावेत, फेरीच्या तिकिटासाठी विशेषतः.

परतीची जागा सर्वांत आधी पक्की करावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि जोड-सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळची रत्नागिरीहून मुंबईकडची तिकिटं फार लवकर संपतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगानं धावतात, वेळाही बदलतात. जूनमधल्या प्रवासासाठी मे महिन्यात टिपून घेतलेली वेळ चालेलच असं नाही.

मुक्काम कुठे करायचा, तेही याच हिशेबानं ठरवावं. दिवस कलल्यावर पोचणार असाल तर तालुक्याच्या गावी राहावं. गुहागरला समुद्र स्टँडपासून पायी अंतरावर आहे, त्यामुळे त्यात काही गमावल्यासारखं होत नाही. शेवटची रात्र मात्र खाडी ओलांडून जयगड किंवा मालगुंडच्या बाजूला काढावी. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं स्मारक तिथं आहे आणि गणपतीपुळे अगदी शेजारी. शिवाय सकाळी गावकरी रत्नागिरीला निघतात आणि आपल्यालाही तिकडेच जायचं असतं, त्यामुळे इथं गाडीची दिशा आणि आपली दिशा एक होते. रत्नागिरीचं रेल्वेस्थानक शहराबाहेर आहे, एसटी स्टँडला लागून नाही. तेव्हा गाडीच्या वेळेत रिक्षाचा वेळ धरावा आणि सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीनंच मालगुंड सोडावं.