आधी तिला हवा तो फोटो

मुरबाड,
पितृपक्षातला बुधवार

चि. सोनू हिस,


पाठवलेले फोटो दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडून बघितले. तुझ्या आईने फोनवर बजावलंय, ‘पोरगी नवीन आहे, जरा सांभाळून बोल.’ पण गोड बोलायला मामा कशाला हवा? तेवढ्यासाठी इन्स्टाग्राम आहे.

डोळखांबकडच्या पाड्यावरच्या त्या आजीचे बहुतेक फोटो एका साच्यातले आलेत. रंग काढून टाकलेला, सुरकुत्या करकरीत केलेल्या, नजर कुठेतरी लांब. माहुलीला ट्रेकला येणारे हौशी लोक जाता जाता असेच फोटो काढून नेतात. म्हातारपण दिसतं, बाई कोण ते कळत नाही. मला आवडला तो एकच, आणि नेमका त्याच्याखाली तू लिहिलंयस, ‘हा सोड, हिने पोज दिली.’ दारात ताठ उभी, हात सरळ खाली, धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले, थेट कॅमेऱ्यात बघतेय. अगं, तो तिने तुझ्याकडून काढून घेतलेला फोटो आहे! ती लुगडं बदलायला आत गेली तेव्हा सहजपणा गेला म्हणून तू वैतागली असशील. पण फोटोत आपण कसं दिसावं याबद्दल तिचंही मत असतं. भिंतीवर लागणाऱ्या फोटोत माणूस नीटनेटका असावा, समोर बघणारा असावा, असं तिला वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून आधी तिला हवा तो फोटो काढ, आणि तोही मन लावून, उरकल्यासारखा नको. तो दाखव. मग तुला हवा तो काढ. पहिला मनासारखा झाला की माणूस आपोआप सैल होतो, हात गुडघ्यावर येतात, पदर सारखा करायचं राहून जातं.

सध्या पितर चालू आहेत. या पंधरवड्यात दुकानात गिऱ्हाईक येतं ते आधार कार्ड नाहीतर बँकेचं पासबुक घेऊन. ‘बाबांचा एवढाच आहे, मोठा करून द्या.’ नखाएवढा फोटो, त्याच्यावर अर्धा शिक्का, आणि त्यातून मी बारा बाय अठराचा चेहरा उभा करायचा. कान अंदाजाने, कॉलर दुसऱ्याच कोणाच्या शर्टाची. मुलगा शेजारी स्टुलावर बसून सांगत असतो, ‘मिशी जरा जाड होती हो.’ घरात या माणसाचा धड फोटो नाही, आणि त्याच घराच्या ओट्यावर बसलेला असताना त्याला कितीतरी पाहुण्यांनी टिपून नेलेलं असतं. तुझ्या फोनमधल्या आजीचीही गत तीच व्हायची, तू प्रिंट नेऊन दिली नाहीस तर.

आता उजेडाचं. फ्लॅश पिशवीतच राहू दे. आपल्याकडच्या घरांना पडवी असते, त्याहून चांगला स्टुडिओ मला अजून बांधता आलेला नाही. माणसाला पडवीत सावलीच्या कडेपासून हातभर आत बसव, तोंड अंगणाकडे. छप्पर खाली उतरलेलं असल्यामुळे डोक्यावरचं ऊन अडतं आणि अंगणातून परतलेला उजेड हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत शिरतो. डोळ्यांत बघ. बुबुळावर आभाळाचा एक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मान थोडी वळवायला सांग. घरी आई तांदूळ निवडायला बसली की हे करून बघ, कॅमेरा न घेता. तिला चेहरा अंगणाकडून भिंतीकडे हळूहळू फिरवायला सांग. नाकाची सावली गालावर कशी सरकत जाते, कुठल्या क्षणी पलीकडचा डोळा अंधारात जातो, ते बघ. तो डोळा विझायच्या जरा आधी थांबायचं. सावलीची बाजू फारच काळी पडली तर टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल त्या बाजूला धरायला एखादं पोर बसव. पोरांना असली कामं आवडतात. आणि स्वतः दार अडवून उभी राहू नकोस. नवीन माणूस सगळ्यात जास्त उजेड स्वतःच्या पाठीने अडवतो.

पावसाळ्यात पडवीला निळी ताडपत्री बांधलेली असते, तिच्याखाली कोणाला बसवू नकोस. चेहरा निळसर, आजारी येतो. हळदीच्या मांडवातही हाच त्रास: वरून पिवळ्या कापडाचा उजेड, बाजूने बाहेरचा पांढरा. एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. कॉम्प्युटरवर एक सुधारला की दुसरा बिघडतो. नवरीला चार पावलं मांडवाबाहेर झाडाच्या सावलीत आणलं की काम होतं. फक्त करवल्या आणू देत नाहीत, हा भाग वेगळा.

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली अठरा-पंचावन्नची लेन्स सध्या पुरे. ती पंचावन्नकडे ठेव आणि सहा-सात फूट लांब उभी राहा. जवळ जाऊन अठरावर काढलंस की नाक पुढे येतं, कान मागे पळतात. मोबाईलच्या सेल्फीत होतं तेच. दिवाळीला पैसे जमले तर पन्नास एमएमची एक पॉइंट आठ घे, तुझ्या कॅननच्या बॉडीवर ती ऐंशीसारखी चालते. पण घेतलीस म्हणून सारखी एक पॉइंट आठवर उघडू नकोस. जवळून काढताना एक डोळा धारदार आणि दुसरा विरघळलेला येतो. चारच्या आसपास ठेव, शटर सव्वाशेच्या खाली नको, फोकस जवळच्या डोळ्यावर. मागची पार्श्वभूमी पुसून टाकायचं वेड हल्ली फार आहे. मला ते पटत नाही. कुडाची भिंत, कणगी, खुंटीवरची टोपी, हे त्या माणसाचं घर आहे, ते कशाला पुसायचं?

आणि माणूस बसलेला असेल तर तूही बस. उभं राहून वरून काढलेला फोटो बघणाऱ्यालाही वरूनच बघायला लावतो.

वारकरी आजोबांचा चेहरा कोळशासारखा का आला, असं विचारलंयस. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे चुन्याची भिंत. मीटरला वाटलं उजेड फार झाला, त्याने सगळंच दाबलं. अशा वेळी एक्स्पोजर प्लसकडे एक घर ढकल. उलट, मागे काळोखं दार असेल तर चेहरा पांढराफटक होतो, तिथे मायनस. स्क्रीनवर फक्त गाल तपासायचा. मात्र काळा माणूस काळाच राहू दे. दुकानात रोज ऐकतो, ‘जरा उजळ करा हो.’ मी उजेड वाढवून देतो, कातडीचा रंग बदलून देत नाही. एखादं गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

तुझ्या फाईलचं नाव बघितलं: ‘ट्रायबल ओल्ड वुमन ०४’. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक फोटोग्राफर होता. त्याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. माणसं एकीकडे उभी करून फोटो घ्यायचे, मग ती कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायची. मथळा माणसाचा नाही, जातीचा. १८६८ ते १८७५ या काळात निघालेले सरकारी ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंडही त्याच वळणाचे. त्यांना नमुने गोळा करायचे होते, राज्य चालवायचं होतं. तुला काय चालवायचंय? आजीचं नाव विचार, आणि फाईलला ते दे.

बघायचंच असेल तर गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ लायब्ररीतून आण. नटनट्या बघू नकोस, उजेड कुठून आलाय तो बोटाने शोध. सुधारक ओलवेंनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटोही बघ. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घाणीत उतरलेला माणूस तिथेही माणूसच दिसतो, कीव करायची वस्तू होत नाही. हे कसं जमलं, त्यावर विचार कर. मला पूर्ण सांगता येणार नाही.

आश्रमशाळेतल्या मुलींचे फोटो मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, पोस्ट तर मुळीच करायचे नाहीत. यावर चर्चा नको.

प्रिंट देईन म्हणालीस तर दिवाळीआधी पोचव. दिवाळी झाली की कातकऱ्यांची घरंच्या घरं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर दाराला कडी. चुलीजवळ लागणारा फोटो असेल तर लॅमिनेशन करून दे, धुराने खराब होणार नाही. फ्रेम करणार असतील तर काच प्रिंटला चिकटून बसवू नकोस. पावसाळ्यातल्या ओलीने दोन्ही एकमेकांना धरतात आणि नंतर सोडवताना चेहराच निघून येतो. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाल. आजीला एक प्रिंट हवी की दोन ते विचार, लेकीकडे एक लागतेच.

शनिवारी किन्हवलीवरून एसटी धर आणि मेमरी कार्ड घेऊन ये. कल्याणच्या लॅबमध्ये माझं काम जायचंच आहे, त्यात तुझंही टाकू. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेलाही तुला नेणार आहे. बैलबाजारात कोणालाही ‘तुमचा फोटो काढू का’ म्हटलंस तर उत्तर येईल, ‘माझा कशाला, बैलाचा काढ.’ तर बैलाचाच काढायचा, कासरा धरलेल्या मालकासकट. दुकान त्या दिवशी मामी बघेल, तिला मी अजून विचारलेलं नाही.

तुझा,
मामा