लेक विभागाची प्रतिनिधी झाली, अभ्यासाचं काय?

प्रश्न : मुलगी जर्मनीत एमएस करते. तिथे ती विभागाच्या 'फाखशाफ्ट'वर, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधींच्या मंडळावर, निवडून आली आहे. अभ्यास बुडेल का?

उत्तर : ताई, हे काम गॅदरिंगच्या सेक्रेटरीसारखं नाही. परीक्षा समितीवर, नव्या प्राध्यापकाच्या निवड समितीवर विद्यार्थी जातात ते बहुधा याच मुलांमधून. निवडीत प्राध्यापकांचं बहुमत हवं, असं तिथल्या घटना न्यायालयाने १९७३ साली ठरवलं. तरी 'यांना शिकवता येतं का?' हे विद्यार्थ्यांनीच विचारायचं असतं, आणि मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. बाकी जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल सांभाळणं, नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात कॅम्पस दाखवणं. वेळ जातो, पण प्राध्यापकांसमोर नियमावर बोट ठेवून बोलायची सवय लागते. करू द्या तिला. परीक्षेच्या महिन्यात तेवढी कामं वाटून घ्यायला सांगा.