यंत्रकाट्याची ज्ञानेंद्रिये आणि कर्मेंद्रिये

वाण्याच्या दुकानात साखर तोलली जात असता काट्याकडे पाहणारे डोळे आणि साखर ओतणारा हात एकाच माणसाचे असतात. पारडी समतोल होऊ लागली, की हात आपोआप आखडतो. सिमेंटच्या कारखान्यात ५० किलोग्रॅमची गोणी भरणाऱ्या यंत्राला मात्र डोळे आणि हात निराळे पुरवावे लागतात. वजनाची वार्ता आत आणणारे ते आदान मॉड्यूल आणि आज्ञा बाहेर नेणारे ते प्रदान मॉड्यूल होय.

या यंत्राला पारडी नसतात. गोणीचा भार धातूच्या एका ठोकळ्यावर येतो; त्यास लोड सेल म्हणतात. ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका अल्प वाकतो आणि त्यावर चिकटविलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांपैकी काही ताणल्या जातात, काही आखडतात. त्यासरशी त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो. चार पट्ट्यांची ही जोडणी व्हीटस्टनच्या सेतूची असते. वास्तविक हा सेतू प्रथम सुचविला तो सॅम्युअल ख्रिस्टी याने, १८३३ मध्ये. व्हीटस्टनने १८४३ मध्ये तो लोकांपुढे आणला आणि नाव त्याचेच राहिले.

या सेतूतून येणारा संकेत अतिशय दुर्बल असतो. १०० किलोग्रॅम क्षमतेच्या लोड सेलला १० व्होल्टचा दाब पुरविला, तर पूर्ण भाराखाली साधारणतः अवघे २० मिलिव्होल्ट हाती येतात. म्हणजे १० ग्रॅमच्या फरकाला व्होल्टचे केवळ दोन दशलक्षांश! त्यात तांब्याच्या तारेचा रोध तपमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पहाटे बरोबर असलेला काटा वैशाखातील दुपारी चुकू नये, म्हणून दोन जादा तारा लोड सेलपाशी प्रत्यक्ष किती दाब पोहोचला हे मॉड्यूलला कळवितात. मॉड्यूल संकेत वाढविते व त्याचे अंकांत रूपांतर करते. २४ द्विमान अंकांच्या रूपांतरकात १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. परंतु विद्युत्‌ गोंगाटामुळे त्यांतील शेवटच्या बऱ्याच पायऱ्या निरुपयोगी ठरतात. विक्रीच्या पत्रकांत ही गोष्ट सहसा ठळक छापलेली नसते.

वजनाची वार्ता दूरच्या नियंत्रकाकडे न्यावयाची असल्यास अनेक ठिकाणी ती ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपाने पाठवितात. शून्य भाराला ४, पूर्ण भाराला २०. तेव्हा १०० किलोग्रॅमच्या काट्यावर ५० किलोग्रॅमला १२. आरंभ शून्यापासून का केला नाही? तार तुटली, की प्रवाह शून्य होतो. शून्य प्रवाहाचा अर्थ ‘गोणी रिकामी’ असा असता, तर तुटलेल्या तारेचे यंत्र गोणी ओसंडली तरी सिमेंट ओतीतच राहिले असते.

प्रदान मॉड्यूलचे काम झडप उघडण्याचे व मिटण्याचे. झडपेचे विद्युत्‌चुंबक बंद होताना त्याच्या वेटोळ्यात क्षणभर मोठा दाब उसळतो. तो त्या नाजूक संकेतापर्यंत पोहोचू नये म्हणून मॉड्यूलमध्ये दोन्ही बाजूंचा तारांचा संबंधच तोडलेला असतो: अलीकडे एक इवलासा दिवा उजळतो, पलीकडे प्रकाशग्राही घटक त्यास ओळखतो, आणि आज्ञा प्रकाशावाटे पार जाते.

झडप मिटली तरी वाटेतील सिमेंट गोणीत पडतेच. म्हणून प्रथम मोठी धार आणि अखेरीस बारीक धार सोडतात, व ५० किलोग्रॅम भरण्यापूर्वीच झडप मिटवितात. किती आधी, हे यंत्र मागील गोण्यांच्या वजनांवरून ठरविते. अंदाज चुकला तर गिऱ्हाइकाचे किंवा कारखान्याचे नुकसान ठरलेले.

कामगाराच्या हाताखालील ‘थांबा’ या बटणाच्या तारेतून नेहमी प्रवाह वाहत ठेवलेला असतो. बटण दाबले अथवा तारच तुटली, तरी तो खंडित होतो, आणि दोन्ही प्रसंगी यंत्र थांबते.