फिल्मचा कॅमेरा : गुण आणि दोष

कपाटाच्या वरच्या फळीवर कातडी पेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना कॅमेरा अलीकडे पुन्हा तरुणांच्या गळ्यात दिसू लागला आहे. ‘सर, आजोबांचा आहे. वापरावा का?’ असा प्रश्न वर्गाबाहेर आम्हाला अनेकदा ऐकावा लागतो. याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम फिल्म म्हणजे काय ते पाहू. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की या कणांत डोळ्यांना न दिसणारा बदल घडतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर डेव्हलपरची क्रिया होताच त्या कणांची काळी चांदी बनते व हायपो उरलेले क्षार विरघळवून टाकतो. जेथे उजेड अधिक तेथे काळे, अशी ही उलटी प्रतिमा, म्हणजेच निगेटिव्ह.

१९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मचा प्रसार झाला. आपल्याकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा अनेक मध्यमवर्गीय घरांतील पहिला कॅमेरा होता. त्यात १२० चा रोल भरून १२ चौकोनी चित्रे मिळत. उटीच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही पुष्कळ चाले. तो कारखाना आता बंद आहे.

आता गुणांकडे वळू.

पहिला गुण शिस्तीचा. रोलमध्ये ३६ चित्रे असतात. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी उजेड कोठून येतो, चौकटीत काय ठेवावे, काय वगळावे, याचा विचार करावाच लागतो.

दुसरा गुण शिक्षणाचा. भर उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवावे आणि फिल्मचा वेग १०० असेल तर शटर १/१२५ सेकंदावर, हा जुना नियम एकदा हाताला बसला की मापकावाचूनही काम भागते. फोनमध्ये हा हिशेब यंत्र करते व आपण अडाणीच राहतो.

तिसरा गुण सोशिकतेचा. डिजिटल चित्रात अतिउजेडाचा भाग कोरा पांढरा झाला की त्यातील तपशील परत मिळत नाही. निगेटिव्ह फिल्म त्या बाबतीत बरीच क्षमाशील असते. मात्र अंधाऱ्या भागातील तपशील काढण्यात डिजिटल कॅमेराच सरस, हेही सांगितले पाहिजे.

चौथा गुण सर्वांत मोलाचा. निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू आहे. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करणारे लाला दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आजही दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या पाहण्यास ना पासवर्ड लागतो, ना विशिष्ट यंत्र. उजेड पुरतो.

दोषही लहान नाहीत.

खर्च पाहा. रोल आणि धुलाई मिळून हजार रुपये धरले तर एक चित्र सुमारे २८ रुपयांना पडते, मग ते बिघडलेले का असेना. शिवाय रोल धुवून देणारी दुकाने गावोगावी उरलेली नाहीत.

दुसरा दोष असा की भरलेल्या फिल्मचा वेग चित्रागणिक बदलता येत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती घ्या. बाहेर लख्ख ऊन आणि आत छतावरचे दगडी कमळ अंधारात! १०० वेगाची फिल्म आत शिरताच तिकाटणे मागते.

तिसरा दोष आम्ही स्वतः भोगला आहे. एका सहलीत दिवसभर ३६ चित्रे काढली. घरी आल्यावर कळले की फिल्मचे टोक चक्रीत अडकलेच नव्हते! तेव्हापासून प्रत्येक चित्रानंतर उलट गुंडाळण्याची डावीकडची कळ फिरते की नाही, हे पाहण्याची सवय लागली. विद्यार्थ्यांनी ती पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी.

चौथा दोष वार्धक्याचा. जुन्या अनेक मापकांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. ती आता बनत नाही. १.५ व्होल्टची घातली तर आकडे चुकू शकतात. मागच्या झाकणाचा फोम कुजून उजेड आत शिरतो. आपल्या पावसाळी हवेत भिंगाला बुरशी धरते. तेव्हा विकत घेण्यापूर्वी भिंगातून उजेडाकडे पाहावे, शटरचे सर्व वेग ऐकून पाहावेत आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डब्यात ठेवावा. घरी फिल्म धुणाऱ्यांनी वापरलेला हायपो मोरीत ओतू नये. त्यात चांदी उतरलेली असते.

सारांश काय? केवळ जुनाट रंगाची हौस असेल तर फोन ती फुकटात भागवतो, त्यासाठी रोल वाया घालवू नये. लग्नकार्य वा संशोधनातील नोंदी यांसाठी डिजिटलच घ्यावा. पण प्रकाश वाचायला शिकायचे असेल, तर वर्षाकाठी दोन-तीन रोल हा उत्तम गुरू आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नका. आज बहुतेक ठिकाणी फिल्म धुवून तिची स्कॅन केलेली चित्रे फोनवर पाठवतात, आणि मुले निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. मग एवढा खटाटोप कशासाठी? फिल्मचा खरा लाभ तोच तर होता! दुकानात जा आणि आपल्या निगेटिव्ह मागून घ्या. आणि घरी परतल्यावर आजोबांच्या ट्रंकेतील जुनी पाकिटेही, रद्दीत जाण्यापूर्वी, एकदा खिडकीच्या उजेडात धरून पाहा.