मालक, मुनीम आणि मधली खिडकी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक्सवर लेखणी चालवावी, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाच्या मुळाशी श्रमविभागणी आणि चोख हिशेब याच दोन गोष्टी आहेत. आणि त्या तर आमच्या घरच्या.

रामाकोन्यातील एखाद्या घराच्या भिंतीवरील इलेक्ट्रॉनिक वीजमीटर घ्या. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. एक फेरा २० मिलिसेकंदांचा. सेकंदाला ८,००० वेळा माप घ्यायचे ठरवले, तर एका फेऱ्यात १६० मापे होतात. प्रत्येक वेळी व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार करून तो बेरजेत मिळवायचा. शिवाय आकडा दाखवणे, तो जपून ठेवणे, ही कामे आहेतच. काही मीटरांत ही दोन्ही कामे एकच चिप करते, तर काहींत त्यासाठी दोन निराळ्या चिपा असतात.

दोन चिपा का, हे आकड्यांवरून कळते. १९८० साली आलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १२ मेगाहर्ट्झवर चालत असता ८ बिटांचे दोन आकडे गुणण्यास ४ मायक्रोसेकंद घेतो. त्याच दशकाच्या आरंभीचा टीएमएस ३२०१० हा डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे डीएसपी, १६ बिटांचे दोन आकडे २०० नॅनोसेकंदांत गुणत असे. म्हणजे आकडा दुप्पट लांब आणि वेळ विसावा हिस्सा! मात्र बटणे पाहणे, पडद्यावर लिहिणे, बाहेरच्या जगाशी बोलणे, ही किरकोळ पण नाना प्रकारची कामे मायक्रोकंट्रोलरनेच करावीत. तो मालक, त्याला ‘होस्ट’ म्हणतात. डीएसपी हा मुनीम.

आता प्रश्न असा, की मालकाने मुनिमाची वही पाहायची कशी? दर वेळी त्याचा हात थांबवला तर बेरीज चुकेल. यावर टीएमएस ३२० सी ५४ या मालिकेतील काही चिपांत ‘होस्ट पोर्ट’ नावाची खिडकी ठेवलेली आहे. तिच्यात तीन रजिस्टरे असतात : नियंत्रणाचे, पत्त्याचे आणि आकड्याचे. होस्टने पत्त्याच्या रजिस्टरात पान क्रमांक लिहावा आणि आकड्याच्या रजिस्टरातून मजकूर वाचावा. हवे असल्यास पुढचे पान आपोआप उलटते. नवा आकडा तयार झाला, की डीएसपी एका तारेवरून इशारा देतो. होस्ट तो पाहून इशारा मिटवतो.

येथे दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली जागा क्रमाची. या मालिकेतील सुरुवातीच्या चिपांत डीएसपीचा आकडा १६ बिटांचा, पण खिडकी ८ बिटांची. म्हणून आकडा दोन तुकड्यांत येतो. ३०० म्हणजे १ गुणिले २५६ अधिक ४४. तुकडे उलट लावले तर ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५! रुपयांच्या रकान्यात पैसे आणि पैशांच्या रकान्यात रुपये लिहिल्यासारखेच हे झाले. ३०० युनिटांच्या जागी ११,२६५ युनिटांचे बिल आले, तर त्या घरावर काय ओढवेल ते सांगणे नको. कोणता तुकडा आधी यावा, हे नियंत्रण रजिस्टरातील एका बिटाने ठरते. ते पहिल्या वाचनापूर्वीच ठरवावे लागते.

दुसरी जागा वेळेची. मोठी बेरीज १६ बिटांच्या दोन शब्दांत असते. होस्टने खालचा शब्द वाचला, तेव्हा बेरीज ६५,५३५ होती. वरचा शब्द वाचण्याआधी ती एकाने वाढली. आता होस्टच्या हाती जुना खालचा आणि नवा वरचा शब्द येतो, म्हणजे १,३१,०७१. दोन्ही चिपा निर्दोष, तरी हिशेब खोटा. उपाय आपल्या रोजकीर्दीचाच : दोन वह्या ठेवाव्यात. मुनीम एकीत लिहील तोवर मालकाने दुसरी, बंद झालेली वही वाचावी. आणि मालकाचे वाचून होईपर्यंत मुनिमाने तिला हात लावू नये.

अशी विभागणी मोठ्या प्रमाणावर पाहायची तर पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण पाहावी. तेथे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. प्रत्येक दोहोंच्या संकेतांचा मेळ घ्यायचा, तर ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५ जोड्या होतात. हे गुणाकार एक यंत्रणा करते. अँटेना कोणत्या दिशेस वळवावे, हे दुसरी पाहते.

प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या विज्ञान शाखेच्या मित्रांस तीन सूचना. ८०५१ सहसा ५ व्होल्टवर चालतो आणि अनेक डीएसपी ३.३ व्होल्टवर, तारा थेट जोडण्यापूर्वी डीएसपीच्या पिना किती व्होल्ट सोसतात ते पाहावे. दोन्ही चिपांची जमीन एक असावी. आणि खरी मापे घेण्यापूर्वी डीएसपीत ठरलेल्या जागी ३०० हा आकडा ठेवून होस्टकडून वाचवून घ्यावा. ३०० आले तर क्रम ठीक. ११,२६५ आले तर तुकडे उलटले आहेत. ताळा घेतल्यावाचून वही पुढे सरकवू नये, हा आमच्या शाखेचा नियम येथेही तितकाच लागू पडतो.