फोर्कलिफ्ट बोलावताय? आधी माणसांची वाट आखा

गाळा भाड्याने घेताना आपण भाडं, डिपॉझिट, लाइट बिल सगळं मोजतो. आत माणसं चालणार कुठून, हे मात्र कुणीच मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं.

माझं दुकान करावे गावात. माल वाढला म्हणून तुर्भ्याला एमआयडीसीत छोटा गाळा घेतला. एकदा माल उतरवायला तासावर फोर्कलिफ्ट बोलावली. आमचा हेल्पर तिच्या मागे, एका बाजूला उभा राहून चलन तपासत होता. मशीन वळली आणि तिचा मागचा भाग थेट त्याच्यावर आला. मागे मोकळी जागा होती, म्हणून तो वाचला. मी ड्रायव्हरवर ओरडलो, पण चूक माझी होती. कुणी कुठे उभं राहायचं, हे मी ठरवलंच नव्हतं.

असं का होतं? कारची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. वजन म्हणाल, तर अडीच टन उचलणारी मशीन स्वतःच साडेतीन-चार टनांची असते. हळू चालली तरी पाय सापडला की संपलं. आणि पुढे उंच माल असला, की ड्रायव्हरला समोरचा माणूस दिसतच नाही.

मग करायचं काय?

१. जमिनीवर पिवळे पट्टे मारून चालायची वाट वेगळी करा. रंगाचा एक डबा पुरतो.
२. जागा लहान असेल तर वेळ वेगळी करा. मशीन चालू असताना माणसं बाहेर.
३. समोरचं दिसत नसेल तर ड्रायव्हरने रिव्हर्समध्येच चालवायचं. कोपऱ्यावर हॉर्न हवाच.
४. मशीन चालताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर. उचललेल्या फोर्कखाली कुणीही जायचं नाही.
५. ड्रायव्हर प्रशिक्षित आहे का, हे आधी विचारा. तो उतरला की चावी काढायची.

आपल्या शेजारीच, सीबीडी बेलापूरला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे. ४ मार्च १९६६ ला ती स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन पाळतात. तुम्ही मात्र मार्चची वाट बघू नका. उद्या गाळा उघडलात की आधी पट्टे मारा, मग गाडी आत घ्या.