पुढे वाकून बघितलं असतं तर

मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर छताकडे बघितलं. चित्र मानेबरोबर फिरलं आणि मी खूश झालो. पुण्यातल्या एका विकणाऱ्या पोराच्या फ्लॅटवर माझी तपासणी ती एवढीच. ३६,००० रुपये रोख मोजले आणि ऑक्युलस रिफ्ट या व्हीआर हेडसेटचा डीके-टू, म्हणजे दुसरा डेव्हलपमेंट किट, मांडीवर घेऊन परतीच्या शिवनेरीत बसलो. मार्च २०१५ ची गोष्ट. दहा वर्षं होऊन गेली, पण परवा ओळखीतल्या एका मुलाने फोन केला, "दादा, जुना हेडसेट स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" आणि माझा आवाज असा काही चढला की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

तर पहिली गोष्ट. मान फिरवून काही कळत नाही. मान फिरली हे हेडसेटला पोटातल्या सेन्सरवरूनच समजतं. ते २०१३ च्या डीके-वनलाही समजायचं. डीके-टूमध्ये नवीन होतं ते वेगळंच. तुम्ही पुढे वाकलात, बाजूला कललात, तेही त्याला कळायचं. त्यासाठी काळ्या कवचाआड इन्फ्रारेडचे ४० बारीक दिवे होते, समोर मॉनिटरवर बसवायचा एक कॅमेरा होता आणि दोघांचा ताल जमवणारी बोटभर जाडीचीही नसलेली एक सिंक केबल. माझ्या खोक्यात केबल सोडून सगळं होतं. मी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. "सर, ती एक्स्ट्रा असते, लागत नाही." कॅमेरा त्याने मॉनिटरवर ठेवला होता खरा, पण नुसता शोभेला.

औरंगाबादच्या सिडकोतल्या घरी रात्री अकरा वाजता जोडाजोड झाली. बिल्डरांसाठी थ्रीडी वॉकथ्रू करणं हे माझं काम, त्यामुळे एका टू-बीएचकेचं मॉडेल तयारच होतं. आत शिरलो, स्वयंपाकघरात गेलो, ओट्यावरचा ग्रॅनाइट कसा दिसतो म्हणून वाकलो. ओटा माझ्याबरोबर पुढे सरकला. मी आणखी वाकलो, तो आणखी सरकला. पूर्ण वाकूनही तो हाताच्या अंतरावरच. पोटात असं काही ढवळलं की हेडसेट काढून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कुणी विचारलं, फसलास हे कधी कळलं, तर मी तो ओटाच सांगतो.

म्हणून घेताना टेबलावर एखादी वस्तू असलेला देखावा लावायला सांगा आणि तिच्यावर नाक टेकेपर्यंत वाका. वस्तू जागची हलली तर उठा आणि चहा न पिता निघा.

मला लोकांनी मूर्ख म्हटलं, पण मी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. १९२० × १०८० चा ओलेड पडदा, एका डोळ्याला ९६० × १०८०, ७५ हर्ट्झ, सगळं तोंडपाठ होतं. मूळ किंमत ३५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे बावीस हजारांच्या आसपास, हेही ठाऊक होतं. वरचे चौदा हजार मी डोळे उघडे ठेवून दिले, कारण आमच्या गावात (तेव्हा बोर्डावर औरंगाबाद होतं) ही वस्तू हातात धरून बघायलाही मिळत नव्हती. अमेरिकेतून मागवायची तर वाट पाहा, कस्टम भरा. आणि दसऱ्याला एका शेठजींच्या प्रकल्पाचं बुकिंग सुरू होणार होतं. सॅम्पल फ्लॅट बांधून व्हायच्या आधीच तो गिऱ्हाइकांना आतून हिंडवून आणायचा, ही कल्पना माझी. खरं तर माझ्या मनात कैलास लेणं होतं, पण लेण्याचं बिल कोण देणार?

केबल शेवटी दुसऱ्या एकाकडून मिळाली. मग दुसरा घाव. मॉडेलमधल्या भिंतींना पांढरा रंग दिला आणि उजव्या डोळ्यात, जरा वरच्या बाजूला, चहा सांडल्यासारखा पिवळट डाग दिसला. पुण्यात त्याने मला रोलर कोस्टर दाखवला होता. सगळा अंधारा आणि रंगीबेरंगी, त्यात डाग दिसणार कसा?

हा डाग कसा पडतो ते ऐका. हेडसेटचं भिंग म्हणजे शेवटी भिंगच. लहानपणी आपण त्याने कागद जाळायचो ना, तेच. भिंगं वर करून हेडसेट उन्हात ठेवला की किरण नेमके पडद्यावर एकवटतात आणि पडदा भाजतो. थोडा वेळही पुरतो. फोन केला तर तो म्हणतो, "सर, तुमच्या मराठवाड्याचं ऊन! बसमध्ये लागलं असेल." पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातून ऊन लागलं, असं त्याचं म्हणणं. मी चडफडत त्याची मूळ जाहिरात उघडली, तिचा फोटो फोनमध्ये होताच. हेडसेट त्याच्याच गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेला, दोन्ही भिंगं आभाळाकडे, आणि कठड्यावर टळटळीत ऊन. स्वतःच्या गुन्ह्याचा फोटो काढून त्याने विकायला लावला होता! मी तो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

पैठण गेटला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाकडे नेला. आत सॅमसंग गॅलेक्सी नोट थ्रीचा पॅनेल असतो हे आयफिक्सिटने खोलून दाखवलेलं होतं, तेही त्याला सांगितलं. त्याने भिंगातून बघितलं, हसला आणि म्हणाला, "भाई, लगा दूँगा, गॅरंटी नहीं." मी परत आणला.

घेणाऱ्याने पूर्ण पांढरं चित्र लावून एकेक डोळा मिटून बघावं. भिंगांच्या ए आणि बी अशा दोन्ही जोड्या मागाव्यात. बी जवळचंच दिसणाऱ्यांसाठी असते, माझा चष्मा मायनसचा आणि बी खोक्यात नव्हती, हे वेगळं सांगायला नको. बाकी पावती घ्या, ओळखीतून घ्या वगैरे नेहमीचं आहेच, ते कुणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं.

आता तिसरं. हे मात्र त्या पोराच्या माथी पूर्ण मारता येत नाही, पण निम्मं मारतोच. डीके-टू विंडोजला दुसरा मॉनिटर म्हणून दिसायचा, तोही उभा. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आडवा करायचा, मग डेमो चालवायचा. माझं सगळं काम या एक्स्टेंडेड मोडवर बेतलेलं. चित्र अधूनमधून थरथरायचं म्हणून दसऱ्याच्या आदल्या रात्री, २१ ऑक्टोबरला, मी त्याला फोन केला आणि नेमका त्या दिवशी त्याने उचलला. "सर, नवा रनटाइम टाका, मक्खन चालेल." मी टाकला.

रनटाइम म्हणजे हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्या ऑगस्टमध्ये आलेल्या त्याच्या ०.७ आवृत्तीने एक्स्टेंडेड मोड काढूनच टाकला होता. ०.५ किंवा त्याआधीच्या एसडीकेवर बांधलेलं काहीही त्यात उघडत नव्हतं, आणि माझा फ्लॅट ०.५ वरच बांधलेला. त्यात माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय इंटेलच्या चिपला जोडलेलं, महागड्या ग्राफिक्स कार्डाला नव्हेच. असे लॅपटॉप नव्या पद्धतीत चालतच नाहीत. जुना रनटाइम परत टाकायला इन्स्टॉलर कुठे होता माझ्याकडे? तो शोधून उतरवेपर्यंत तीन वाजले आणि ड्रायव्हर जागेवर यायला उजाडलं.

सकाळी शेठजींच्या वहिनींनी पहिल्यांदा डोक्यावर चढवला. थरथर होतीच, डागही होता. दिवाणखान्यातून बेडरूमपर्यंत जाऊन त्यांनी तो काढला आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या. शेठजी हळूच म्हणाले, "काय राव, सणाच्या दिवशी." मग टीव्हीवर साधा व्हिडिओ लावला. बिलातले निम्मे पैसे आले.

जे चालतंय त्याला कार्यक्रमाच्या आठवड्यात हात लावू नका. चालत्या रनटाइमचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवा आणि पेनड्राइव्हवर चिठ्ठी लावा. डेव्हलपमेंट किट या नावातच लिहिलेलं असतं की हे तयार दुकानी माल नव्हे. बनवणारे आजचं उद्या मोडणार, आणि तो त्यांचा हक्क आहे. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर मागून यांना जवळपास चोवीस लाख मिळाले, २०१४ मध्ये फेसबुकने दोन अब्जांना कंपनी घेतली. मार्च २०१६ मध्ये ५९९ डॉलरचं खरं ग्राहकांसाठीचं मॉडेल आलं, ९० हर्ट्झचं, तेव्हा किकस्टार्टरवर डीके-वन घेतलेल्यांना ते फुकट देण्यात आलं. माझ्यासारख्या दुसऱ्या हाताने घेणाऱ्यांना काय मिळालं, ते वर आलंच आहे.

आता ऑफिसात वायरींशिवायचा हेडसेट आहे, त्याला ना कॅमेरा लागतो ना सिंक केबल. भिंगं मात्र यालाही आहेत. टेबल खिडकीपाशी आहे आणि दुपारी दोननंतर तिथे ऊन येतं. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला सॉफ्टवेअर दाखवत नाही, खुंटीवरचा काळा रुमाल दाखवतो. डोक्यावरून काढला की आधी भिंगांवर रुमाल, मग चहा.